चौतिसावा रकाना

सासऱ्यांच्या कबरीवर बसवायच्या दगडासाठी सरकारी अर्ज भरायचा होता, तिथून हे सगळं सुरू झालं. अमेरिकेत लष्करी नोकरी करून सन्मानाने घरी आलेल्या माणसाच्या कबरीसाठी सरकार विनामूल्य दगड देतं, मग ती कबर गावातल्या खासगी दफनभूमीत का असेना. दगडावर नाव, हुद्दा, जन्ममृत्यूच्या तारखा आणि युद्धाचं नाव कोरतात. मिळालेली पदकंही कोरून देतात. त्या रकान्याशी आम्ही आलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पर्पल हार्ट लिही." मी लिहिलं. मग खालच्या सूचना वाचल्या. पदकाचं नाव कोरायचं तर ते मिळाल्याचा लष्करी कागद सोबत जोडायला हवा होता.

"तो कागद कुठे असेल, मॉम?"

"कागद नाही. पदकही कधी आलं नाही. पण जखम होती. लग्नाच्या आधीपासून मी ती पाहत आले."

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे सुभेदार, हवालदार, पेन्शन, बेळगावचं मराठा सेंटर हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. जिल्ह्यात एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं परत आली नाहीत, त्यांचं स्मारक गावात आहे. तरीही सैन्य म्हणजे नेमकं काय, कंपनी केवढी, रेजिमेंट केवढी, पदक कोण कुणाला कशासाठी देतं, हे मला काहीही ठाऊक नव्हतं. मरणोत्तर पदक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे यायचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझे सासरे मात्र नव्वदीत, ओहायोतल्या आपल्या घरी, अंथरुणात गेले. अशा माणसासाठी सत्तर वर्षांपूर्वीचं पदक आता मागता येतं, हीच गोष्ट माझ्यासाठी नवी होती.

पर्पल हार्ट हे पदक शौर्याचं नाही. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकाला ते मिळतं. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८२ साली जांभळ्या कापडाचं एक मानचिन्ह काढलं होतं, त्याचं १९३२ मध्ये, त्यांच्या द्विशताब्दीला, पुनरुज्जीवन केलं. जांभळ्या हृदयावर वॉशिंग्टन यांची मुद्रा असते. ते पदक कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. तीन गोष्टी सिद्ध झाल्या की ते द्यावंच लागतं: जखम शत्रूच्या कृतीने झाली, तिच्यावर लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने उपचार करणं भाग पडलं, आणि त्या उपचाराची सरकारी नोंद झाली. पहिल्या दोन गोष्टी सासऱ्यांच्या अंगावर होत्या. शेवटच्या आजारपणात काढलेल्या एक्स-रेमध्ये डाव्या खांद्यात धातूचे कण स्पष्ट दिसले होते आणि तरुण डॉक्टरने चमकून विचारलं होतं, हे काय आहे. सासरे म्हणाले होते, "जर्मनी." तेवढंच. तिसऱ्या गोष्टीसाठी आम्हाला त्यांची लष्करी फाइल हवी होती.

अमेरिकन सैनिकांच्या जुन्या फाइली मिझुरी राज्यात सेंट लुइसला असतात. अर्ज साधा आहे: नाव, जन्मतारीख, सेवा क्रमांक, नोकरीची वर्षं आणि सही. पदकं मात्र वारसानेच मागायची, आणि वारसांची यादी ठरलेली आहे: पुनर्विवाह न केलेली पत्नी किंवा पती, आईवडील, मुलं, भावंडं. सून त्यात नाही. म्हणून प्रत्येक कागद मी लिहायचा आणि थरथरत्या हाताने सही सासूबाईंनी करायची, असं आमचं ठरून गेलं. सेवा क्रमांकाचा रकाना आम्ही रिकामा ठेवला. त्यांच्या गळ्यातले बिल्ले कधीच हरवले होते.

उत्तर अतिशय सौजन्याचं होतं. तुम्ही मागितलेली फाइल आमच्याकडे असती तर ती इमारतीच्या ज्या भागाचं १२ जुलै १९७३ च्या आगीत सर्वाधिक नुकसान झालं तिथे असती, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फाइल होती असं ते म्हणत नव्हते, जळाली असंही म्हणत नव्हते. कोणती फाइल कुठे आहे याची वेगळी सूचीच त्या काळी केलेली नव्हती, त्यामुळे नेमकं काय गेलं हे कुणालाच कधी सांगता येणार नव्हतं.

त्या आगीबद्दल मी मिळेल ते वाचून काढलं, कारण तिच्यामुळेच आम्ही अडलो होतो. सेंट लुइसजवळच्या ओव्हरलँड गावातली ती सहा मजली इमारत १९५६ मध्ये सुरू झाली. तिच्या वास्तुरचनाकारांत मिनोरू यामासाकी होते, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभारले. एकेक मजला सातशे फुटांहून लांब, आणि दप्तरांच्या विस्तीर्ण दालनात आग अडवणारी भिंत नाही. पाण्याचे फवारेही नाहीत. फवाऱ्यांचा विचार झाला होता, पण पाण्याने कागद खराब होतील ही भीतीही दप्तर सांभाळणाऱ्यांत होती. १२ जुलैच्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत सहाव्या मजल्यावर आग दिसली. आजूबाजूच्या ४२ अग्निशमन विभागांचे लोक आले. बावीस तास आग आटोक्यात आली नाही आणि ती पूर्ण विझायला साडेचार दिवस लागले. ती कशाने लागली हे आजतागायत निश्चित झालेलं नाही, कारण ज्या जागी ती लागली तिथे तपासायला काही उरलंच नाही.

गेलेल्या फाइलींचा अंदाज एक कोटी साठ ते ऐंशी लाखांचा आहे. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली त्यात आल्या, म्हणजे दोन्ही महायुद्धं आणि कोरिया. हवाई दलाच्या १९४७ ते १९६४ मधल्या फाइलींपैकी सुमारे ७५ टक्के, त्याही आडनावाच्या अक्षरक्रमाने हबार्डनंतरच्या. त्या काळात मुक्त झालेला हवाई सैनिक अॅडम्स असेल तर त्याची फाइल वाचली, विल्सन असेल तर बहुधा गेली. दुसरी प्रत कुठेही नव्हती. मायक्रोफिल्म केलेली नव्हती. जिवंत माणसांच्या आयुष्याचे एवढे कागद एकाच प्रतीत, एकाच छपराखाली ठेवले आणि ते छप्पर आगीपासून राखलं नाही, याला मी अपघात म्हणत नाही. तो निर्णय होता, आणि तो ज्यांनी घेतला त्यांना त्याची किंमत मोजावी लागली नाही.

पण त्यानंतर तिथल्या कर्मचाऱ्यांनी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आगीने जे सोडलं होतं ते पाण्याने भिजलं होतं आणि मिझुरीच्या जुलैमध्ये भिजलेल्या कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. त्यांनी बुरशीनाशक फवारलं, ओल्या फाइली दुधाच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये भरून हलवल्या आणि मॅकडॉनल डग्लस या विमान कंपनीच्या, अवकाशयानांच्या चाचणीसाठी बांधलेल्या निर्वात दालनात त्या वाळवल्या. सुमारे ६५ लाख फाइली अशा वाचल्या. कडा काळ्या पडलेल्या त्या फाइली आज वेगळ्या थंड दालनात ठेवल्या आहेत. कुणी मागितली की ती स्वच्छ करून, पान पान सुटं करून देतात. करपलेल्या पानावरची अक्षरं इन्फ्रारेड प्रकाशात उठून दिसतात, तशीही ती वाचतात. सासऱ्यांची फाइल त्या ६५ लाखांत नव्हती.

त्या उत्तरासोबत १३०५५ क्रमांकाचा एक फॉर्म होता. फाइल नाही, तर इतर नोंदींवरून काही उभं करता येतं का हे पाहण्यासाठी तो असतो. कोणत्या कंपनीत, कोणत्या बटालियनमध्ये, कोणत्या महिन्यात, कोणत्या इस्पितळात, असे प्रश्न. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही तो वाचला आणि सासूबाईंना त्यातल्या एकाचंही उत्तर देता येईना. जो माणूस युद्धाबद्दल बोललाच नाही, त्याच्या बायकोला बटालियनचा आकडा कसा माहीत असणार? ज्यांच्याकडे सगळी माहिती होती त्यांच्याकडून ती जळाली, आणि आता ती देण्याची जबाबदारी एका वृद्ध विधवेवर आली होती. मला त्या दिवशी फार राग आला. सासूबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, "आपण एकेक प्रश्न घेऊ."

पहिला प्रश्न सेवा क्रमांकाचा. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्यांची माहिती तेव्हा पंचकार्डांवर नोंदली जायची. ती माहिती फाइलींपासून वेगळी असल्याने आगीतून सुटली आणि आता सुमारे ९० लाख नोंदी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संगणकावर कुणालाही शोधता येतात. तिथे ते सापडले: जिल्हा, जन्मवर्ष, शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंत, धंदा शेतमजूर, अविवाहित, आणि आठ अंकी क्रमांक. पहिला अंक ३, म्हणजे स्वतःहून नव्हे, सक्तीच्या भरतीने आलेले. दुसरा ५, म्हणजे ओहायो, इंडियाना, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया हा टापू. तो क्रमांक मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला. पुढच्या सगळ्या दारांची किल्ली तीच निघाली, कारण नाव चुकतं, एकाच नावाची शेकडो माणसं असतात, क्रमांक मात्र एकाचाच.

मग गावातल्या ग्रंथपाल बाईंनी मला एक गोष्ट सांगितली जी कोणत्याही फॉर्मवर नव्हती. युद्धावरून परतलेल्यांना तेव्हा सल्ला दिला जायचा, की तुमचा मुक्ततेचा कागद काउंटीच्या रेकॉर्डर कचेरीत नोंदवून ठेवा, म्हणजे हरवला तरी नक्कल मिळेल. ही कचेरी म्हणजे आपल्याकडचं दुय्यम निबंधक कार्यालय: जमिनीची खरेदीखतं, गहाणखतं तिथे लागतात. तिथल्या एका जाड वहीत, शेतांच्या व्यवहारांच्या शेजारी, डिसेंबर १९४५ च्या तारखेला सासऱ्यांचा डिस्चार्ज होता. एकवीस वर्षांच्या त्या पोराने घरी आल्यावर तो नोंदवला आणि नंतर कुणाला सांगितलं नाही.

पान एकच, पण त्यात पाहण्यासारखं फार होतं. तुकडी: ११२ वी पायदळ रेजिमेंट, म्हणजे २८ वी डिव्हिजन. उत्तर फ्रान्स आणि ऱ्हाइनलँड या मोहिमा. आणि ३४ वा रकाना: 'लढाईत झालेल्या जखमा'. त्यात टाइप केलेला एक शब्द होता: नाही.

सासूबाईंनी तो शब्द बोटाने झाकला आणि बराच वेळ तसाच झाकून ठेवला.

हे असं का झालं असेल, याची कारणं नंतर मला अनेकांकडून कळली. १९४५ च्या अखेरीस रोज हजारो सैनिक घरी सोडले जात होते. कारकून समोरच्या माणसाला विचारत आणि टाइप करत, आणि ज्याला संध्याकाळची गाडी पकडायची आहे तो जखमेचे कागद शोधत थांबत नसे. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण आम्ही तो कागद जोडून पदकासाठी विनंती केली तेव्हा एका कार्यालयाने त्याच एका शब्दावर बोट ठेवून ती परत पाठवली. जखमेची नोंद नाही. आणि इस्पितळात गेले असलेच, तर ते ट्रेंच फुटसाठीही असू शकेल. ट्रेंच फुट म्हणजे थंड चिखलात दिवसेंदिवस उभं राहून पाय सडणं. त्या हिवाळ्यात कितीतरी पायदळ सैनिक त्यानेच निकामी झाले, आणि त्यासाठी पर्पल हार्ट मिळत नाही. नोंद सापडली नाही, याचा अर्थ त्यांनी घटना घडली नाही असा घेतला होता. हे मला तेव्हाही अन्याय्य वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच डिस्चार्जवर आमचं लक्ष न गेलेला आणखी एक रकाना होता, ३१ वा. त्यात 'कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज' असं लिहिलं होतं. निळ्या पट्टीवर लांब बंदूक असलेला हा बिल्ला, प्रत्यक्ष लढलेल्या पायदळ सैनिकाला मिळणारा. आम्ही तो नुसता बिल्ला समजलो होतो. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे गावातले एक वयस्क सभासद तो रकाना पाहून खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांनी सांगितलं, की १९४७ मध्ये लष्कराने ठरवलं, ज्याने ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात हा बिल्ला मिळवला त्या प्रत्येकाला ब्राँझ स्टार द्यायचा, कारण सगळ्यात जास्त हाल पायदळाने आणि त्यांच्या सोबतच्या वैद्यकीय सैनिकांनी सोसले आणि पदकं सगळ्यात कमी त्यांच्याच वाट्याला आली. पण ते मागावं लागायचं. १९४७ साली सासरे धान्याच्या गोदामात पोती उचलत होते. त्यांना कुणी कळवलं नाही, त्यांनी मागितलं नाही. ज्याचा आमच्या घरात कधी उच्चारही झाला नव्हता, ते पदक त्यांना सत्तर वर्षांपासून देय होतं आणि त्यासाठी लागणारा पुरावा काउंटीच्या वहीत पडून होता. त्याला काही अडचण आली नाही. यथावकाश फिलाडेल्फियाहून एक खोकं आलं.

सासूबाईंनी ब्राँझ स्टार हातात घेतला, त्याच्या मागे कोरलेलं नाव वाचलं, आणि म्हणाल्या, "हे छान आहे. पण मी हे मागितलं नव्हतं."

म्हणून आम्ही पुन्हा कामाला लागलो. त्या वेळपर्यंत मला एवढं कळलं होतं, की एका सैनिकाची फाइल जळली तरी त्याचं नाव दुसऱ्याच कामासाठी ठेवलेल्या कागदांत शिल्लक असतं. त्यातला सगळ्यात मोलाचा म्हणजे 'मॉर्निंग रिपोर्ट'. प्रत्येक कंपनीचा हा रोजचा हजेरीपट. पण त्यात हजर माणसांची नावं नसतात, फक्त ज्यांच्या स्थितीत त्या दिवशी बदल झाला त्यांचीच: रजेवर गेला, बढती मिळाली, इस्पितळात गेला, मेला. माणसाला मोठं काही झालं की त्याचं नाव त्यात येतं. हे रिपोर्ट मायक्रोफिल्मवर आहेत आणि आगीतून वाचले. मात्र ते शोधायला कंपनीचं अक्षर आणि साधारण तारीख लागते, आणि रेजिमेंटमध्ये कंपन्या बऱ्याच.

अक्षर मिळालं ते जुन्या पत्रांवरून. मोठ्या नणंदेकडे त्यांच्या आजीची एक शिवणाची पेटी होती, तिच्या तळाशी व्ही-मेलची काही पत्रं होती. युद्धात जागा वाचावी म्हणून पत्रांचे फोटो काढून फिल्मच समुद्रापार नेत आणि इकडे तळहाताएवढ्या कागदावर छापून देत, ती ही पत्रं. मजकूर आईची काळजी वाढू नये असाच. पण वरच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता होता, कंपनीच्या अक्षरासकट. आणि डिसेंबरातल्या एका पत्राचा पत्ता वेगळा: इंग्लंडमधलं एक लष्करी इस्पितळ.

तारखेसाठी ग्रंथपाल बाईंनी गावच्या वर्तमानपत्राची १९४४ ची फिल्म काढून दिली. लहान गावचं वर्तमानपत्र, सगळं छापायचं: कुणाकडे पाहुणे आले, कुणाची गाय व्याली. डिसेंबरच्या एका अंकात, आतल्या पानावर, चार ओळी होत्या. अमुक दांपत्याला युद्धखात्याची तार आली आहे, की त्यांचा मुलगा नोव्हेंबरात जर्मनीत लढाईत किरकोळ जखमी झाला. त्या ओळी वाचून मी तिथेच रडले. पण बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: वर्तमानपत्र म्हणजे लष्करी नोंद नव्हे. त्याने फक्त कुठे शोधायचं ते कळतं.

नोव्हेंबर १९४४, जर्मनी, २८ वी डिव्हिजन. म्हणजे ह्युर्टगेनचं जंगल. इथवर येईपर्यंत मी ते नाव ऐकलेलं नव्हतं, माझ्या नवऱ्यानेही नाही. आखेन शहराच्या आग्नेयेला फर वृक्षांचं दाट अरण्य, अरुंद चिखलवाटा, खोल दऱ्या. २ नोव्हेंबरला डिव्हिजनने हल्ला सुरू केला. ११२ व्या रेजिमेंटने दुसऱ्या दिवशी श्मिट हे गाव घेतलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जर्मन रणगाड्यांपुढे गमावलं. काल नावाच्या नदीच्या दरीतून जाणारी एक पायवाटेइतकी वाट, तिच्यावरूनच रसद आणि तिच्यावरूनच जखमी. जर्मन तोफगोळे झाडांच्या शेंड्यांवर फुटायचे आणि लोखंडाचे व लाकडाचे तुकडे वरून बरसायचे. जमिनीवर आडवं पडलं तर उलट जास्त अंग उघडं पडायचं, म्हणून सैनिक झाडाच्या बुंध्याला बिलगून उभे राहायचे. दोन आठवड्यांत डिव्हिजनने सहा हजारांहून अधिक माणसं गमावली: मेलेली, जखमी, बेपत्ता, आजारी. त्यांच्या दंडावर लाल रंगाचं चिन्ह असायचं. जर्मन त्याला रक्ताची बादली म्हणत.

सेंट लुइसला आम्ही गाडीने गेलो. आता ते दप्तर नव्या इमारतीत आहे, २०११ पासून. वाचनकक्षात नवरा आणि मी मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर बसलो. ऑक्टोबरची पानं शांत आहेत. कुणी शिपाई झाला, कुणी स्वयंपाकघरातून बदलून आला. मग नोव्हेंबर येतो आणि पानं भरू लागतात. नावांपुढे तीन-तीन अक्षरांच्या खुणा: मारला गेला, जखमी, बेपत्ता. लढाईच्या धुमश्चक्रीत रोजचा रोज हिशेब लागत नसे, मागच्या ठाण्यावरचा कारकून काही दिवसांनी नावं गोळा करून टाइप करी. त्यामुळे आम्हाला हव्या असलेल्या तारखांच्या पानांवर जवळजवळ काही नव्हतं, आणि पुढे एका दिवसाच्या खाली सगळी कंपनी एकदम कोसळलेली दिसली. नवरा आडनावं वाचत होता, मी क्रमांक. आडनाव त्याला दिसलंच नाही, कारण टाइप करणाऱ्याने त्यातलं एक अक्षर चुकवलं होतं. क्रमांक मला दिसला. फ्रिजवरचा तोच क्रमांक. त्यापुढे: कामावरून इस्पितळात, लढाईत किरकोळ जखमी, ५ नोव्हेंबरपासून.

नवऱ्याने यंत्राच्या पडद्यावर हात ठेवला. बापाबद्दलचं त्याला माहीत नसलेलं एक वाक्य, आणि ते त्याने वयाच्या पन्नाशीनंतर वाचलं.

ट्रेंच फुटचा मुद्दा राहिला होता. तो निकाली लागला आणखी एका नोंदीने, जी सापडली हेच मुळात नशीब. लष्कराच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाने युद्धात इस्पितळात दाखल झालेल्यांची आकडेवारी काढायला पंचकार्डं केली होती, १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळातली. संशोधनासाठी ती पुढे संगणकाच्या टेपवर उतरवली गेली आणि १९८८ मध्ये त्या टेप अशा कामी येतील हे लक्षात आलं. त्यांत माणसाचं नाव नाही, फक्त सेवा क्रमांक आणि सांकेतिक आकडे. आमच्या क्रमांकासमोरचे आकडे उलगडून मिळाले ते असे: दाखल नोव्हेंबर १९४४, लढाईतली जखम, कारण तोफगोळ्याचा तुकडा, जागा खांदा.

जखम, शत्रू, उपचार, नोंद. आता सगळं होतं. पर्पल हार्टच्या बाबतीत मला एक गोष्ट मात्र आजही खुपते. जपानवर चढाई करावी लागेल या अंदाजाने अमेरिकेने ती पदकं १९४५ मध्ये लाखोंनी बनवून ठेवली होती, आणि तो साठा पुढची कित्येक दशकं पुरला. पदक तयार होतं, माणूस हयात होता. फक्त हे दोन-तीन कागद एकमेकांशेजारी ठेवायला कुणी नव्हतं.

लष्करी नोंदी दुरुस्त करणारं एक मंडळ आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असा नियम आहे, पण न्यायासाठी गरज असेल तर मंडळ ती मुदत बाजूला ठेवू शकतं. अर्जावर सासूबाईंची सही, सोबत विवाहाचा आणि मृत्यूचा दाखला, काउंटीची नक्कल, मॉर्निंग रिपोर्टचं पान, टेपचा उतारा, आणि चुकलेल्या अक्षराबद्दल माझं एक पानी स्पष्टीकरण. पत्रं आणि वर्तमानपत्रही जोडलं, पुरावा म्हणून नव्हे, तर वाचणाऱ्याला हा माणूस कोण होता ते कळावं म्हणून. मग वाट पाहिली. सासूबाईंच्या वयाच्या माणसाने एवढी वाट पाहायला लागू नये.

निर्णय त्यांच्या बाजूने आला. लिफाफ्यात दुरुस्तीचा एक वेगळा कागद होता: मूळ डिस्चार्जच्या ३४ व्या रकान्यातला शब्द काढून त्याऐवजी जखमेची तारीख आणि ठिकाण लिहावं, आणि पदकांच्या रकान्यात पर्पल हार्ट जोडावं. सासूबाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, पदकाचं खोकं अजून यायचं होतं त्याची चौकशीही केली नाही.

"काउंटीची कचेरी किती वाजता बंद होते?" त्यांनी विचारलं.

साडेचारला, मी म्हटलं.

"मग आत्ताच जाऊ. त्याने आणून दिलेल्या कागदाशेजारी हा नोंदवून घेऊ. आणि तीन नकला माग. एक तुझ्याकडे, एक मुलीकडे, एक माझ्याकडे. वेगवेगळ्या घरांत."